गाठ हाताला लागते, मग रिपोर्ट ‘नॉर्मल’ कसा?

सोमवारची सर्जरीची ओपीडी म्हणजे जत्राच. त्या गर्दीत एकदा ४४ वर्षांच्या एक ताई समोर येऊन बसल्या. सोबत जाऊ होती. केसपेपरवर ‘छातीत गाठ’ एवढंच लिहिलेलं. पडद्याआड नेऊन तपासलं, तर डाव्या स्तनात काखेच्या बाजूला लिंबाएवढी कडक गाठ. बोटांनी सरकवली, तर जागची फारशी हलत नव्हती.

‘‘किती दिवस झाले ताई?’’

‘‘दिवाळीच्या आधीपासून आहे.’’

म्हणजे सात महिने. ‘‘मग इतके दिवस कुणाला दाखवलं नाही?’’

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. ‘‘दाखवलं ना मॅडम. सोनोग्राफीसुद्धा केली. नॉर्मल आली.’’

मी रिपोर्ट वाचला. यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, दोन्ही मूत्रपिंडं नॉर्मल, गर्भाशय नॉर्मल. ती पोटाची सोनोग्राफी होती.

झालं होतं असं, की घरात छातीचं नाव कसं काढायचं म्हणून ताईंनी नवऱ्याला ‘पोटात दुखतंय’ असं सांगितलं. त्यांनीही कामाचा खाडा करून बायकोला तालुक्याला नेलं, पदरचे पैसे भरून सोनोग्राफी करून आणली. तिथल्या डॉक्टरांना पोट सांगितलं, त्यांनी पोट पाहिलं. ताईंची समजूत अशी, की मशीन एकदा अंगावरून फिरलं की आतलं सगळंच दिसतं. रिपोर्टातला ‘नॉर्मल’ हा शब्द त्यांनी आपल्या गाठीला लावून घेतला. कुणीही मुद्दाम हयगय केली नव्हती, तरी सात महिने गेले.

सोनोग्राफी हे गुणी यंत्र आहे, पण त्याला जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर ते देतं. कुठल्या जागेचं विचारायचं, कधी विचारायचं आणि आलेलं उत्तर कसं वाचायचं, हे बाईला आणि तिच्या घरच्यांना ठाऊक असायला हवं. आजचा लेख त्यासाठी.

पोटाचा प्रोब वेगळा, स्तनाचा वेगळा

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की गरोदर पोटच डोळ्यांसमोर येतं. सेंटरमध्ये लावलेली ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटीही तेच मनावर ठसवते. प्रत्यक्षात हे तंत्र अगदी बाल्यावस्थेत असताना ज्या अवयवांवर वापरून पाहिलं गेलं, त्यांत स्तन होता. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात काम करणारे जॉन वाइल्ड हे शल्यचिकित्सक आणि जॉन रीड हे अभियंता, या दोघांनी १९५२ च्या सुमारास ध्वनिलहरींनी स्तनातल्या गाठी तपासायला सुरुवात केली होती. गर्भ आणि पोटातल्या गाठींच्या सोनोग्राफीवरचा इयान डोनाल्ड यांचा गाजलेला शोधनिबंध त्यानंतर, १९५८ मध्ये आला.

तत्त्व सोपं आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. स्तनासाठीचा प्रोब सेकंदाला साधारण एक कोटी किंवा त्याहून जास्त कंपनांचा आवाज आत सोडतो. वाटेत चरबी, दुधाच्या ग्रंथी, गाठ असं जे लागेल त्यावर आपटून तो परत येतो आणि त्या प्रतिध्वनीवरून यंत्र पडद्यावर चित्र काढतं. यात क्ष-किरण नसतात. त्यामुळे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही ही तपासणी निर्धास्तपणे करता येते.

पोटाच्या प्रोबची कंपनं कमी, साधारण ३० ते ५० लाख असतात, कारण त्याला खोलवर पोचायचं असतं. स्तनात फार खोल जावं लागत नाही, तिथे बारकावा हवा असतो. कंपनं जितकी जास्त तितकं चित्र बारीक, पण पोच कमी. म्हणून दोन्हींचे प्रोब वेगळे. पोटाच्या तपासणीत स्तन ‘आपोआप’ दिसून जात नाही.

तयारीही वेगळी. स्तनाच्या सोनोग्राफीला उपाशी राहावं लागत नाही आणि पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागत नाही. तरीही लिटरभर पाणी पिऊन बाकावर अवघडून बसलेली एखादी बाई मला दिसतेच. तिला आधी मोकळं होऊन यायला सांगावं लागतं. उताणं झोपवून, हात डोक्याच्या वर घ्यायला सांगून, जेल लावून दोन्ही स्तन आणि काखा पाहतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात, दुखत नाही. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर खोलीत एखादी सिस्टर किंवा मावशी असावी, ही तुमची मागणी रास्त आहे. आणि गाठ नेमकी कुठे लागते, ते स्वतःच्या बोटाने दाखवा. लाजून ‘इथेच कुठेतरी’ म्हणू नका.

पडद्यावरची गाठ

पाण्याने भरलेली गाठ, म्हणजे सिस्ट, पडद्यावर काळीभोर आणि गोलसर दिसते. तिची कडा रेघ ओढल्यासारखी असते. पाण्यातून आवाज न अडता पलीकडे जातो, म्हणून गाठीच्या मागचा भाग उजळ दिसतो. गाठ पाण्याची की भरीव, हे निव्वळ हाताने अनुभवी सर्जनलाही खात्रीने सांगता येत नाही. सोनोग्राफी ते लगेच सांगते. साध्या सिस्टला बहुधा काहीच करावं लागत नाही. दुखत असेल तर सुईने पाणी काढता येतं.

तरुण मुलींमध्ये नेहमी आढळणारी गाठ म्हणजे फायब्रोॲडेनोमा. ही बोटाखालून सटकते. पडद्यावर ती लंबगोल, गुळगुळीत कडांची आणि त्वचेला समांतर, आडवी पहुडलेली दिसते. कर्करोगाची गाठ बऱ्याचदा याच्या उलट दिसते. कडा वेड्यावाकड्या, कधी काटेरी, रुंदीपेक्षा उंची जास्त आणि मागे काळी सावली. साधी गाठ आजूबाजूच्या थरांना बाजूला सारत वाढते, कर्करोग थर ओलांडत जातो. त्यामुळे हा फरक पडतो.

पूर्वी सोनोग्राफीचा उपयोग मुख्यतः गाठ पाण्याची की भरीव एवढं सांगण्यापुरता मानला जाई. अमेरिकेतले डॉ. थॉमस स्टॅव्ह्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५० भरीव गाठींचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. चित्राची लक्षणं काटेकोरपणे पाहिली तर भरीव गाठींमधली साधी कुठली आणि संशयास्पद कुठली, हेही बऱ्याच अंशी ओळखता येतं, हे त्यांनी दाखवलं. ‘बऱ्याच अंशी’ हे शब्द महत्त्वाचे. काही कर्करोग साध्या गाठीचा वेश घेऊन येतात. उलट पू झालेली गाठ किंवा आपल्याकडे अधूनमधून दिसणारा स्तनाचा क्षयरोग हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो.

तरीही या तपासणीने किती जणींचा जीव भांड्यात पडतो, ते रोज पाहते. गेल्या उन्हाळ्यात २२ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. लग्न महिन्यावर आलेलं, गाठ लागलेली, दोघींच्या डोळ्यांत पाणी. सोनोग्राफीत नेहमीचा फायब्रोॲडेनोमा दिसला. तिचं वय, माझ्या हाताला लागलेली गाठ आणि पडद्यावरचं चित्र, तिन्ही जुळत होतं. ‘‘लग्न करा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला या,’’ एवढंच सांगून पाठवलं.

सोनोग्राफी की मॅमोग्राफी?

हा प्रश्न दोन भावांत थोरला कोण असं विचारल्यासारखा नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे. त्यात चरबी काळपट दिसते, दुधाच्या ग्रंथींचा दाट भाग पांढरा दिसतो आणि कर्करोगही पांढराच दिसतो. तरुण वयात स्तन दाट असतात, त्यामुळे पांढऱ्यात पांढरं हरवतं. सोनोग्राफीत दाट भाग उजळ आणि गाठ बहुधा गडद दिसते, म्हणून ती सापडते. तिशीच्या आतल्या बाईला गाठ लागली, तर पहिली तपासणी सोनोग्राफीची. चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. मधल्या दहा वर्षांत डॉक्टर परिस्थिती पाहून ठरवतात.

मग चाळिशीनंतरही फक्त सोनोग्राफीच का नको? कारण काही कर्करोगांची अगदी पहिली खूण म्हणजे वाळूच्या कणांसारखे कॅल्शियमचे बारीक ठिपके. ते मॅमोग्राफीत नीट दिसतात, सोनोग्राफीत बऱ्याचदा निसटतात. शिवाय सोनोग्राफी तपासणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर फार अवलंबून असते.

दोन्ही एकत्र केल्या तर? जपानमध्ये चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे ७३ हजार स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त मॅमोग्राफीने १०० पैकी ७७ कर्करोग पकडले जात होते, सोनोग्राफीची जोड दिल्यावर ९१. पण त्याची किंमतही होती. कर्करोग नसलेल्याही जास्त बायकांना पुढच्या तपासण्यांचे आणि काळजीचे दिवस काढावे लागले. म्हणून ‘सगळ्यांनी सगळंच करून घ्या’ असा सल्ला मी देत नाही. गाठ असेल, स्तन दाट असतील किंवा आई-बहिणीला हा आजार झाला असेल, तर काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

‘दुधाची गाठ’

गाठ दिसली की सोनोग्राफी, हा हट्ट मी धरते. त्यामागे माझी एक चूक आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका ग्रामीण रुग्णालयात होते. २८ वर्षांची, चार महिन्यांचं बाळ असलेली एक बाई गाठ घेऊन आली. मी तपासलं आणि म्हणाले, ‘‘दुधाची गाठ आहे. शेक दे, बाळाला पाजत राहा.’’ सोनोग्राफीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी होती. तान्ह्या बाळाला घेऊन तिने एसटीचे हेलपाटे कशाला घालायचे, असा विचार मी केला. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा गाठीवरची कातडी आत ओढली गेली होती. तो कर्करोग होता. पुढे उपचार झाले, पण दोन वर्षांनी ती गेली.

मी त्या दिवशी चिठ्ठी लिहिली असती तर ती वाचलीच असती, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण तिचे तीन महिने मी घालवले, हे खरं आहे.

पाजणाऱ्या आईची बहुतेक गाठ दुधाचीच किंवा पू झाल्याची असते. पण दोन आठवड्यांत ती गेली नाही, तर सोनोग्राफी झालीच पाहिजे. पू झाला असेल तरी फायदा आहे. पूर्वी अशा गाठीला सरसकट चीर द्यायचो. आता सोनोग्राफीत पाहून सुईनेच पू काढून बऱ्याच जणी बऱ्या होतात आणि बाळाचं दूधही तोडावं लागत नाही.

रिपोर्टवरचा आकडा

स्तनाच्या सोनोग्राफीच्या किंवा मॅमोग्राफीच्या रिपोर्टात शेवटी ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि पुढे एक आकडा असतो. जगभरच्या डॉक्टरांना एकाच भाषेत बोलता यावं, म्हणून केलेली ही वर्गवारी आहे. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी काहीतरी करायला हवं. १ म्हणजे काही दिसलं नाही. २ म्हणजे दिसलं ते निश्चित साधं आहे. ३ म्हणजे बहुधा साधं, कर्करोगाची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. अशा वेळी साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ४ म्हणजे संशय आहे, तुकडा तपासावा. इथे शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. ५ म्हणजे दाट संशय, ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. ६ म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे.

४ हा आकडा पाहून ‘चौथी स्टेज’ समजून रडत आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. या आकड्याचा आणि स्टेजचा काहीही संबंध नाही. बायरॅड्स ४ असलेल्या बऱ्याच गाठी तपासणीअंती साध्या निघतात.

आणि आता मथळ्यातला प्रश्न. समजा, सोनोग्राफी स्तनाचीच झाली, नीट झाली आणि रिपोर्ट नॉर्मल आला, पण गाठ हाताला लागतेच आहे. अशा वेळी रिपोर्ट फाईलला लावून घरी बसायचं नाही. हाताची तपासणी, चित्र आणि गरज पडल्यास तुकड्याची तपासणी, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. एकानेही वेगळी साक्ष दिली, तर चौकशी सुरू ठेवायची. कागद नॉर्मल आहे म्हणून हाताला लागणारी कडक गाठ नॉर्मल होत नाही.

सुईने आजार पसरतो का?

‘‘मॅडम, सुई लावली की गाठ चिघळते म्हणतात,’’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. या भीतीपायी लोक महिनोन् महिने लेप, काढे आणि गंडेदोरे करत बसतात. सुईमुळे कर्करोग पसरून रुग्ण दगावतो, हा समज चुकीचा आहे. वाढतो तो लांबवलेल्या दिवसांमुळे.

सोनोग्राफीचा मोठा उपयोग इथेच होतो. जागा बधिर करून, पडद्यावर बघत बघत सुई नेमकी गाठीत नेता येते आणि शेवयांसारखे बारीक तुकडे काढता येतात. टाका लागत नाही, बाई त्याच दिवशी घरी जाते. त्या तुकड्यांवरून कर्करोग आहे की नाही एवढंच कळत नाही, तर तो हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणारा आहे का, कुठलं औषध लागू पडेल, हेही ठरतं. काखेतल्या गाठी सुजलेल्या दिसल्या, तर त्यांतही सुई घालून पाहता येतं. आधी अख्खी गाठ कापून काढायची आणि मग निदान करायचं, ही जुनी पद्धत शक्यतो टाळावी.

गाठ नसेल तर?

स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमधला सर्वात जास्त आढळणारा कर्करोग आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णा आढळल्या आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. आपल्या बायकांना हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो.

प्रत्येक गावात मॅमोग्राफीचं मशीन नाही. सोनोग्राफीचं मशीनही गावोगाव फिरवता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या कायद्याची त्यावर कडक बंधनं आहेत आणि ती योग्य कारणासाठी आहेत. मग पहिली चाळणी कोणती? प्रशिक्षित हाताची. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर २० वर्षं चाललेला अभ्यास केला. त्यातल्या एका गटातल्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. त्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत अशी घट दिसली नाही, हेही सांगायला हवं. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या स्त्रियांसाठी अशी हाताची तपासणी आहे. आशाताई बोलवायला आल्या, तर ‘मला काही होत नाही’ म्हणून परत पाठवू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती राहून जाते. नवी गाठ, कातडीला खळी पडणं, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून आपोआप रक्त येणं, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर चार दिवसांत दाखवा. आणि बोलताना जागेचं नाव घ्या. तोंडाने सांगता येत नसेल, तर कागदावर लिहून आणा.

त्या ताईंची बायोप्सी झाली. कर्करोगच होता, काखेतही पोचलेला. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे पैशाचा प्रश्न सुटला. नवरा प्रत्येक वेळी सोबत होता. ‘‘मला आधी सांगितलं असतं तर,’’ एवढंच तो एकदा म्हणाला. आता तीन वर्षं झाली. ताई दर सहा महिन्यांनी दाखवायला येतात.

गेल्या खेपेला त्यांच्याबरोबर ती जाऊही होती, या वेळी स्वतःसाठी. तिलाही गाठ लागत होती. सोनोग्राफीच्या खिडकीवर क्लार्कने विचारलं, ‘‘कशाची करायची?’’ जाऊ मान खाली घालून गप्प उभी राहिली. तेव्हा ताई पुढे झाल्या आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘छातीची. पोटाची नाही, छातीची.’’

जावेची गाठ पाण्याची निघाली.